साहेबाचं कुंकू

लोणावळ्याच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे. चाळीस वर्षं झाली. भिंतीला, दाराला, खिडकीच्या गजांना, झालंच तर पोल्ट्रीच्या पत्र्याला रंग नेणारे हजारो लोक मी पाहिले. शिपायांना रंग नेणारा एकच पाहिला, कुसगावचा महिपती केदारी. दुकानातली सगळ्यात लहान डबी तो घ्यायचा आणि दोन-दोन वर्षं पुरवायचा. वर दर वेळी तक्रार की मागच्या डबीतला लाल वेगळा होता. असलं गिऱ्हाईक दुकानदाराला परवडत नाही, पण महिपती आला नाही तर माझा आठवडा काही सुरळीत जायचा नाही.

आता त्याची सत्तरी उलटली. मी राजमहंमद, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पण त्याला मी कधी अहो-जाहो केलं नाही आणि इथेही करणार नाही.

तरुणपणी तो तुंगार्लीच्या बाजूला एका पारशी बाईंच्या बंगल्यावर माळी म्हणून लागला आणि पंचवीस वर्षं तिथेच राहिला. बाईंनी बंगला विकून मुंबईला जायचं ठरवलं, तेव्हा जाताना त्याच्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला. आत शिशाचे अकरा शिपाई. लाल कोट, पांढरे पट्टे, काळ्या उंच टोप्या. त्यांत एक तलवार उपसलेला अधिकारी, निळ्या डोळ्यांचा. बाईंच्या भावाची लहानपणची खेळणी. महिपतीने डबा घरी नेला तो मुलासाठी. आदिनाथ त्याचा लग्नानंतर बारा वर्षांनी झालेला एकुलता एक, तेव्हा पाच वर्षांचा. आदिनाथने दोन तासांत एका शिपायाची मान मोडली. बापाने डबा काढून घेतला, मान चिकटवली, आणि त्या दिवसापासून घरात खेळणारा माणूस बदलला.

सुरुवातीला मी चिडवायचो. लोक म्हातारपणी माळ ओढतात, हा शिपाई ओढतो, म्हणायचो. तो मनावर घ्यायचा नाही. रविवारी पहाटेची लोकल धरून पुण्याच्या जुन्या बाजारात जायचा आणि भंगाराच्या ढिगात हात घालून बसायचा. कधी पितळी घोडेस्वार मिळायचा, कधी पहिल्या महायुद्धातला हाफ पँट आणि पायाला पट्ट्या गुंडाळलेला हिंदुस्थानी शिपाई. मुंबईच्या एका पर्यटकाने त्याला रोमन सैनिक दिला, ज्याच्या शिरस्त्राणावर उभा तुरा होता. त्याला बायाबाई, म्हणजे महिपतीची बायको, बाटली धुवायचा ब्रश म्हणायची. माझा भाऊ कुवेतहून येताना एक जपानी योद्धा घेऊन आला. पानिपतातला गारदी, एकाहत्तरच्या लढाईतला जवान, चिनी प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक, सगळे त्याच्या काचेच्या कपाटात आपापल्या काळाप्रमाणे ओळीने उभे होते. महिपतीची शाळा चौथीपर्यंत. पण कोणत्या काळात कोटाला किती बटणं होती हे तो सांगायचा. नेव्हीच्या तळावरचं कुणी माझ्या दुकानात आलं की हा त्यांना अडवून विचारायचा. त्यांना त्यांच्या स्वतःच्या बटणांपलीकडचं काही माहीत नसायचं, मग हाच त्यांना सांगत बसायचा.

आणि मावळे. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी बाजारात मातीचे मावळे येतात ना, त्यांचा त्याला भयंकर राग. केशरी अंगरखा, गुलाबी पायजमा, ओठ लाल. तो ते विकत घ्यायचा, घासून कोरे करायचा आणि पुन्हा रंगवायचा. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर काळी घोंगडी, पायांना धुळीचा रंग.

"आमच्या वाडवडलांस्नी रेशमी पायजमं कुटलं आलं? त्ये घालून लोहगड चढून दाव म्हनावं," तो म्हणायचा.

डोळे तो बाभळीच्या काट्याने काढायचा, श्वास धरून. त्याच्याकडच्या मावळ्यांत दोन चेहरे सारखे नव्हते.

आता कुंकवाची गोष्ट. बायाबाईने नवऱ्याच्या या वेडाकडे कधी फार लक्ष दिलं नाही. "तुमची पोरं" म्हणायची आणि कामाला लागायची. पण डबा घरात आला त्या वर्षीच्या पाडव्याला तिने महिपतीला ओवाळलं, आणि ताट खाली ठेवायच्या आत तिची नजर कपाटातल्या त्या तलवारवाल्या साहेबाकडे गेली.

"ह्यो एवढा लांबनं आला, आपुन घरात घेतला, पर कुनी ववाळलं न्हाई त्येला," ती म्हणाली.

तिने त्याला ओवाळलं आणि कुंकू लावलं. शिशावर कोरडं कुंकू किती टिकणार? दुसऱ्या दिवशी ते गळून साहेबाच्या पांढऱ्या पट्ट्यावर सांडलं. महिपती कुरकुरला. तेव्हा बायाबाईने त्याची लाल डबी उघडली, काडेपेटीतली काडी बुडवली आणि साहेबाच्या कपाळावर थेंब ठेवून दिला. थेंब मोठा झाला आणि खाली ओघळला.

"आता न्हाई पडायचं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

सकाळी दुकान उघडायच्या आधी महिपती दारात उभा.

"राजूभाई, बायकूनं माजा साहेब सवाशीण करून ठिवला."

मी पोट धरून हसलो आणि त्याला टर्पेंटाइनची लहान बाटली दिली. कापसाचा बोळा भिजव, हलक्या हाताने पूस, जाईल, म्हटलं. महिन्याने विचारलं, पुसलंस का? म्हणाला, बगू. वर्षाने विचारलं, तेव्हाही बगू. बाटली कपाटाच्या वर सीलबंद पडून राहिली. पुढे कुणी पाहुणे कपाट बघायला आले की तो सगळे काळ, सगळी सैन्यं दाखवायचा आणि शेवटी साहेबाला हातावर घेऊन म्हणायचा, "आन् ही आमच्या मंडळींची कारागिरी."

सहा वर्षांपूर्वी बायाबाई गेली. ताप आला आणि आठ दिवसांत संपलं. साड्या रीतीप्रमाणे भावजयांना गेल्या. फोटो एकच, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यात ती ओळखू येत नाही. तिने घातलेलं लोणचं वर्षभर पुरलं. महिपती शेवटी शेवटी एकेक फोड चाटून ठेवायचा. मग बरणीही रिकामी झाली. तिच्या हातचं म्हणून घरात उरलं ते फक्त साहेबाच्या कपाळावर.

मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. पडद्याचा आजार. कडेचं दिसतं आणि नेमकं जिकडे पाहावं तिथेच धुकं. ब्रश सुटला. माझ्या दुकानात तो फक्त चहाला येऊ लागला, आणि मी डब्यांवरचे रंग त्याला नावाने सांगू लागलो. पण सकाळी अंघोळ झाली की ओल्या केसांनी, अनवाणी तो कपाटासमोर उभा राहायचा. एकेक धातूचा शिपाई हातात घ्यायचा, अंगठ्याने चाचपायचा आणि जागेवर ठेवायचा. साहेब सगळ्यांत शेवटी. त्या वाळलेल्या रंगाचा जाड थेंब अंगठ्याला लागायचा. तो लागला की महिपती म्हणायचा, "चला." मग दिवस सुरू.

गेल्या वैशाखात आदिनाथचं लग्न झालं. तो तळेगावच्या कारखान्यात आहे. सून सविता, पवन मावळातली. कामाला वाघीण, बोलायला कमी. सासू नसलेल्या घरात आली होती. काय कुठे ठेवायचं, कुठल्या देवाला काय चालतं, सांगायला कुणी नव्हतं. ती बघून बघून शिकत होती, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

सविताच्या माहेरच्या देव्हाऱ्यात वीर आहेत. लढाईत पडलेल्या पूर्वजांच्या पितळी मूर्ती, हातात तलवार, काही घोड्यावर. आपल्याकडे पुष्कळ घरांत असतात. इथे सासरी तिने पाहिलं की देव्हाऱ्याच्या शेजारी काचेचं कपाट, आत तलवारी घेतलेले, घोड्यावर बसलेले, आणि सासरा रोज अंघोळ करून, पायात काही न घालता, एकेकाला स्पर्श करतो. कुणाला विचारायची काय गरज? हे या घरचे वीर. आणि केवढे! त्यांची दशा बघून तिलाच लाज वाटली. काळवंडलेले, रंगाचे पोपडे आलेले. सहा वर्षं घरात बाई नाही, कोण घासणार?

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी तिने दसरा काढला. घरातली सगळी अंथरुणं, भांडी, पत्रे, डबे धुऊन काढणं म्हणजे दसरा काढणं. त्या सकाळी आदिनाथची पहिली पाळी होती म्हणून महिपतीला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. परतीच्या वाटेवर तो गप्प होता. मीही गप्प होतो, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा.

घरी आलो तर ओट्यावर पांढरं स्वच्छ फडकं पसरलेलं. त्यावर धातूचे तेवीस शिपाई ओळीने उभे, प्रत्येकापुढे झेंडूचं एक फूल. शिसं राखाडी, पितळ पिवळंधमक. कुणाच्या अंगावर रंगाचा कणही नाही. सविताने त्यांना उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं होतं, मग चिंच, मग राख, मग तारेची घासणी. मातीच्या मावळ्यांना नुसतं फडकं मारलं होतं. प्लॅस्टिकवाल्यांना हातही लावला नव्हता. प्लॅस्टिकचे देव नसतात एवढं तिला कळत होतं.

पदर खोचून ती उभी होती. सोड्याने हात पांढरे पडलेले.

"आबा, हात लावून बगा. समदं वीर उजाळल्यात."

वीर हा शब्द ऐकला आणि मला सगळा उलगडा झाला. महिपती ओट्यावर बसला. एकेक उचलत गेला. साहेबाला त्याने तलवारीवरून ओळखलं. अंगठा कपाळावर गेला. पुन्हा गेला. मग त्याने हात बदलून दुसरा अंगठा लावला.

"पोरी, हितं कायतरी हुतं."

"व्हय आबा, डाग हुता लाल. लय घट्ट. घासणीनं निघंना, मंग नखानं काढला."

महिपतीने साहेबाला खाली ठेवलं. हात मांडीवर पुसले.

"बरं केलंस," तो म्हणाला. "चा टाक."

मी त्याच्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. नसतानाही घेतलंच. सवितामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि सगळं सांगून टाकलं, बायाबाई, पाडवा, काडी, सगळं. शेवटी म्हणालो, चाळीस वर्षं रंग विकतोय पण एवढं नुकसान एका सकाळी केलेलं पाहिलं नाही. ती चुलीपाशी खाली बसली. चहा उतू गेला तरी उठली नाही. घरी येऊन जैनबला सांगितलं, तर माझी बायको म्हणाली, "त्या पोरीने तरी रंगच खरवडला. तुम्ही काय खरवडून आलात ते बघा." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि बरंच झालं.

आदिनाथने फोनवर नवे शिपाई शोधले, अस्सल तसलेच, चार दिवसांत घरपोच. सविताने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी ती एकटी माझ्या दुकानात आली.

"चाचा, आबा न्यायचं ती लाल डबी द्या. आन् बाकीचं बी."

"रंगवणार कोण?"

"मी."

"कधी ब्रश धरलायस?"

"रांगोळी काडती. मेंदी काडती."

मी डब्या काढल्या. दोन बारीक ब्रश काढले. आणि त्या दिवशी बोललो त्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून कळलं तरी."

महिपती आधी तयार नव्हता. राहू दे, म्हणाला. तिने काही वाद घातला नाही. जेवणं उरकली की ओट्यावर त्याच्यासमोर बसायची, एक शिपाई पुढे, ब्रश हातात, आणि नुसती थांबायची. दोन दुपारी अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी तिने ब्रश डबीत बुडवला. महिपतीला नीट दिसत नव्हतं, पण कडेच्या नजरेला हाताची मूठ दिसली असावी.

"मुठीत धरू नगं," तो म्हणाला. "पेनावानी धर. आन् रंग निथळू दे आदी."

मग तो सांगत गेला आणि ती रंगवत गेली. कोणत्या शिपायाचा कोट कसा हे त्याला पाठ होतं. लाल, पर रगताचा न्हाई, इटंचा. पट्टा पांढरा, पर नवा पांढरा न्हाई, वापरल्याला. ब्रश धुवायला काही सापडेना तेव्हा तिने कपाटावरची जुनी टर्पेंटाइनची बाटली काढली आणि सील फोडलं. मी तेव्हा तिथेच होतो. महिपतीला वास आला. तो माझ्याकडे वळला आणि त्याच्या मिशा हलल्या.

पहिला शिपाई झाला त्या दिवशी त्याने मला विचारलं, "कसा दिसतोय? खरं सांग."

"वरातीपुढे ट्रम्पेट वाजवायला चालेल," मी म्हटलं.

तो हसला. दसरा काढल्यापासून पहिल्यांदा. सविताही तोंडाला पदर लावून हसली आणि दुसरा उचलला.

पावसाची ओल गेली होती. ऑक्टोबरचं ऊन रंगाला चांगलं. नवरात्र झालं, कोजागिरी झाली. पाचवा शिपाई माणसासारखा दिसायला लागला, दहावा शिपायासारखा. बाभळीचा काटा तिने स्वतः शोधून आणला. दिवाळीपर्यंत बावीस पुरे झाले. उरला साहेब. त्याचा कोट झाला, टोपी झाली, निळे डोळे झाले. कपाळाशी आल्यावर महिपती म्हणाला, "तेवढं राहू दे." ती थांबली. साहेब कोऱ्या कपाळाने कपाटात गेला.

पाडव्याला मी आणि जैनब दर वर्षी केदाऱ्यांकडे फराळाला जातो. त्या दिवशीही गेलो. सविताने आदिनाथला ओवाळलं. मग पाट सरकवून म्हणाली, "आबा, बसा. लेक ववाळती बापाला." महिपती बसला. ओवाळून झालं. तो उठला, चाचपडत कपाटापाशी गेला, तलवारीवरून साहेबाला शोधून काढला आणि पाटावर आणून उभा केला.

"ह्येला बी ववाळ."

तिने निरांजन फिरवलं. कुंकवाचं बोट साहेबाजवळ नेलं आणि थांबली.

"आबा, ह्ये पडंल."

"मंग?"

ती आत गेली. लाल डबी आणि काडेपेटीची काडी घेऊन आली. काडी बुडवली, हात पुन्हा थांबला. कुणीतरी बोलायला हवं म्हणून आदिनाथ बोलला.

"मधोमध होतं. दोन भुवयांच्या मध्ये."

"मधोमध कुठलं," मी म्हणालो. "उजव्या बाजूला होतं. मी रंगाचा माणूस आहे, माझ्या लक्षात असतं."

जैनबलाही मधोमधच आठवत होतं. आमची चांगलीच जुंपली. ते कुठे होतं हे महिपतीच्या अंगठ्याला इतकी वर्षं रोज कळत आलं होतं, पण तो मान खाली घालून बसून राहिला.

सविताने आमच्याकडे पाहिलं नाही.

"डाव्या भुवईच्या वर," ती म्हणाली. "आन् वघळ आला हुता, पार भुवईपतुर. माज्याच नखात आला की त्यो, चाचा. मला ठावं हाय."

तिने थेंब ठेवला. मुद्दाम मोठा ठेवला. तो ओघळायला लागला तशी काडी मागे घेतली आणि त्याला ओघळू दिलं.

माझ्या रंगाला हात लावण्याइतपत वाळायला सहा तास लागतात. आम्ही करंज्या खाल्ल्या, दोनदा चहा झाला. महिपती घटकाघटकाला विचारायचा, वाळला का? मी म्हणायचो, हात लावलास तर कुंकू तुझ्या बोटाला येईल. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा मी कडेला नखाने टोचून पाहिलं आणि म्हटलं, लाव आता.

त्याने साहेबाला डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताचा अंगठा हळूहळू टोपीच्या कडेवरून खाली आला आणि थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. त्याच्या गालांवरून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. माझ्याही डोळ्यांत आलं, ते मी सांगून टाकतो.

"व्हय," तो म्हणाला. "तिच्यावानी तितंच चुकलंय."

साहेबाला त्याने सविताच्या हातात दिलं.

"पुढल्या दसऱ्याला बाकीच्यांस्नी खुशाल घास. ह्येला तेवढं फडक्यानं पूस."

"बरं, आबा," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. मी घाईघाईने लाल डबीचं झाकण शोधून बसवलं, कारण उघडी राहिली की रंगावर साय धरते.